जंगल संपतं तिथे घाई नको : थंडर बे ते विनिपेग, गाडीने दोन दिवसांत

कॅनडात टोरंटोच्या बाजूने विनिपेगला गाडीने निघालेले बहुतेक लोक थंडर बे ते विनिपेग हे सातशे किलोमीटर एका दमात उरकतात. शेवटच्या टप्प्यात अंधार पडलेला असतो, मागे बसलेले झोपलेले असतात आणि चालवणाऱ्याला फक्त घर दिसत असतं. दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंनी सोबत करणारं जंगल नेमकं त्याच शेवटच्या दीड तासात सुटतं आणि डोक्यावर एकदम सगळं आभाळ उघडं होतं. ब्रॅम्प्टनचं घर आवरून विनिपेगला आलो तेव्हा आम्हीही हा टप्पा रात्रीच पार केला होता. पुढच्या वर्षी आई इचलकरंजीहून आली. तिला घेऊन तोच रस्ता सकाळच्या उन्हात केला, तेव्हा कळलं की पहिल्या वेळी आम्ही प्रवासातली सगळ्यात सुंदर गोष्ट झोपेत घालवली होती.

त्यानंतर हा रस्ता मी बऱ्याचदा केला आहे. माझा आग्रह एकच आहे : दोन दिवस घ्या, मुक्काम केनोराला करा आणि शेवटचे २१० किलोमीटर सकाळसाठी राखून ठेवा. बाकीची सगळी आखणी त्याभोवती करायची.

आधी दिशा, मग महिना

हा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे करावा. जंगलाच्या बोगद्यातून मोकळ्यावर येणं आणि मोकळ्यावरून जंगलात शिरणं, हे दोन्ही अनुभव वेगळे आहेत, आणि पहिला जास्त भिडतो. आपल्याकडे आंबोलीसारखा घाट चढून, झाडीतून एकदम देशावर आलो की छाती भरून येते, त्याच जातीचं काहीतरी. फरक इतकाच की इथे चढ नाही, त्यामुळे बदल हळूहळू येतो आणि लक्ष नसेल तर निसटतो.

पश्चिमेला जायचं म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोरचा देखावा उजळलेला असतो. संध्याकाळी हाच सूर्य थेट डोळ्यांत येतो. जूनअखेरीस विनिपेगला सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो, म्हणजे तोवर तास-दोन तास समोरची काच पांढरी होऊन जाते आणि रस्त्यावर काय उभं आहे ते दिसत नाही. सकाळचा आग्रह देखाव्यासाठी आहे तसा सुरक्षिततेसाठीही आहे.

महिना निवडताना मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याला पहिली पसंती देते. अ‍ॅस्पनची पानं तेव्हा पिवळीधमक होतात, आणि त्यांच्यामागोमाग टॅमरॅक सोनेरी होतो. टॅमरॅक हे सूचिपर्णी झाड असूनही हिवाळ्यात सुया गाळतं. स्प्रूस या काळपट हिरव्या, सदाहरित सूचिपर्णी झाडांच्या गर्दीत ती सोनेरी झाडं समया लावल्यासारखी दिसतात. दुसरी पसंती जुलै : प्रेअरीच्या, म्हणजे विनिपेगकडच्या सपाट मुलखाच्या बाजूला कनोलाची (मोहरीच्या जातीच्या तेलबियांची) शेतं फुललेली असतात, क्षितिजापर्यंत पिवळी. मे-जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास फार. काही उन्हाळ्यांत वणव्यांचा धूर येतो आणि दोन-दोन दिवस लांबचं काहीच दिसत नाही, म्हणून निघण्याआधी धुराचा अंदाज पाहावा. ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा काळ हौसेच्या प्रवासासाठी नकोच. बर्फावर गाडी चालवायची सवय असलेल्यांनाही हा रस्ता हिवाळ्यात घाम फोडतो.

गाडी आणि गाडीतलं सामान

गाडी कोणतीही साधी चालेल. भाड्याची घेणार असाल आणि विनिपेगला सोडून द्यायची असेल, तर दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे वेगळे पैसे लागतात आणि कधी कधी किलोमीटरची मर्यादाही असते. हे दोन्ही आरक्षण करतानाच विचारून घ्यावं. भारतातून आलेले पाहुणे स्टिअरिंग हातात घेणार असतील तर ऑन्टॅरिओ (थंडर बे, केनोरा) आणि मॅनिटोबा (विनिपेग) या दोन्ही प्रांतांत पर्यटकांना तीन महिन्यांपर्यंत आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते. तरीही येण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायला सांगा. भाड्याची गाडी देणारे तो मागू शकतात.

मोबाइलची रेंज मधल्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहा. निघायच्या सकाळी दोन्ही प्रांतांच्या ५११ सेवेवर रस्त्याची स्थिती बघावी. एखादा अपघात झाला की हायवे १७ काही तास बंद राहू शकतो. अशा वेळी शबाक्वा कॉर्नर्सला हायवे ११ धरून फोर्ट फ्रान्सिसच्या बाजूने, पुढे हायवे ७१ने केनोराच्या थोडं अलीकडे परत १७ला येता येतं. लांब पडतं, पण तो रस्ताही देखणा आहे.

स्टेपनीतली हवा, काच धुण्याचं पाणी, टॉर्च, एक जाड चादर, पिण्याचं पाणी. काचेचं पाणी भरपूर घ्या. उन्हाळ्यात किड्यांनी काच इतकी माखते की दर थांब्याला पुसावी लागते. खाण्याचं म्हणाल तर आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डब्यात दहीभात नेतो. शाकाहारी माणसाला या वाटेवर फ्राइज आणि कॉफीपलीकडे फारसं काही मिळत नाही. उरलेलं अन्न मात्र विश्रांतीच्या जागी उघड्यावर टाकू नका. हा अस्वलांचा मुलूख आहे.

पहिला दिवस : थंडर बे ते केनोरा, सुमारे ४९० किलोमीटर

सकाळी सातला निघा. शहराच्या पूर्वेला, हायवेलगतच टेरी फॉक्सचं स्मारक आहे. कॅन्सरने एक पाय गमावलेला हा मुलगा कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर १ सप्टेंबर १९८० रोजी त्याला थंडर बेजवळ थांबावं लागलं. आदल्या संध्याकाळी वेळ काढून तिथे जाऊन या. ज्या रस्त्यावर आपण गाडीत बसून दमणार आहोत, त्याकडे बघण्याची नजरच बदलते.

शहरापासून अर्ध्या तासावर काकाबेका धबधबा आहे. काळ्या खडकांवरून ४० मीटर खाली कोसळणारं पाणी वाहनतळापासून दोन मिनिटांवर दिसतं. तिथे पाऊण तास द्या, जास्त नको.

शबाक्वा कॉर्नर्सला रस्ता फुटतो तिथे उजवी बाजू, हायवे १७ धरायची. पुढे रेथच्या जवळ एक पाटी आहे, जिच्यापाशी बरेच लोक थांबत नाहीत. ती पाणलोटाची पाटी आहे. तिच्या अलीकडे पडलेला पाऊस सुपीरियर सरोवरातून अटलांटिककडे जातो, पलीकडे पडलेला हडसनच्या उपसागराकडे, आर्क्टिकच्या दिशेने. महाबळेश्वरला उभं राहून आपण पूर्ववाहिनी आणि पश्चिमवाहिनी नद्यांबद्दल बोलतो, तसंच हे. इथे मात्र डोंगर नाही, कडा नाही. जमीन नुसती कुठेतरी कलते. आई तिथे उतरून दोन्हीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, उतार कुठं आहे यात?" उतार डोळ्यांना दिसतच नाही. तो विनिपेगपर्यंत आपल्या सोबत असतो.

थंडर बे आणि इग्नेसच्या दरम्यान कधीतरी घड्याळ एक तास मागे जातं. पश्चिमेला जाणाऱ्याला हा तास फुकट मिळतो. पण तो मिळाला म्हणून मुक्काम पुढे ढकलू नका, शरीराचं घड्याळ बदललेलं नसतं.

पेट्रोल ही पहिल्या दिवसाची खरी काळजी. थंडर बे ते इग्नेस सुमारे २४५ किलोमीटर आहे. मध्ये उपसाला आहे, पण छोट्या गावातला पंप चालू असेलच असं धरून चालू नये. टाकी अर्धी झाली की पुढचा पंप दिसेल तिथे भरायची, हा नियम आम्ही पाळतो. इग्नेसहून ड्रायडेन शंभर-सव्वाशे किलोमीटर, ड्रायडेनहून केनोरा साधारण १४०. ड्रायडेनला जेवा, पाय मोकळे करा. तिथला मॅक्स नावाचा मूसचा (सांबराहून मोठ्या, उंच पायांच्या रानटी प्राण्याचा) पुतळा मुलांना हमखास आवडतो.

मूस : याबद्दल जरा सविस्तर

पुतळ्यातला मूस गोड दिसतो. रस्त्यावरचा मूस जीव घेतो. पहिल्या प्रवासात उपसालाच्या पुढे, दिवेलागणीला, आमच्यासमोर एक आला. आधी मला रस्त्यावर फक्त चार काठ्या दिसल्या. ते त्याचे पाय होते. धड हेडलाइटच्या झोताच्या वर होतं आणि रंग जंगलाच्या अंधारासारखाच. हरणाचे डोळे दिव्यात चमकतात, म्हणून ते लांबून कळतं. मूसचं डोकं इतकं उंच असतं की बऱ्याचदा उजेड डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. आम्ही ऐंशीने जात होतो म्हणून थांबलो. नव्वदच्या वर असतो तर हा लेख लिहायला मी नसते.

मूसचं वजन पायांच्या वर, उंचावर असतं. छोटी गाडी पायांना धडकली की अख्खं धड समोरच्या काचेवर येतं. म्हणून या रस्त्यावर संधिप्रकाशात आणि रात्री गाडी न चालवणं हाच खरा उपाय आहे. पर्यायच उरला नाही तर वेग सत्तर-ऐंशीवर आणा, समोर कुणी नसेल तेव्हा दिवे मोठे ठेवा, आणि शेजारी बसलेल्याने रस्त्याच्या कडा बघत राहाव्यात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मूस माश्यांना कंटाळून मोकळ्या रस्त्यावर येतात, शिवाय हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ कडेच्या डबक्यांत साठतं ते चाटायलाही येतात. एक दिसला तर दुसरा मागे असतोच असं समजा. मे-जूनमध्ये मादीबरोबर पिल्लू असतं. फोटोसाठी गाडीतून उतरू नका.

दुपदरी रस्त्यावर चालवायची रीत

ऑन्टॅरिओतला हायवे १७ हा ट्रान्स-कॅनडा महामार्गाचाच भाग आहे, पण इथे तो बहुतांश एकेका पदराचा आहे. वेगमर्यादा साधारण ताशी ९० किलोमीटर. समोरून लाकूड भरलेले ट्रक येतात आणि त्यांचा वारा गाडीला धक्का देतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. मधली पिवळी रेघ तुमच्या बाजूला सलग असेल तर ओव्हरटेक नाही, तुटक असेल तर करता येतं. पण अधूनमधून जादा पदर येतोच. त्याची वाट बघणं केव्हाही बरं. तुमच्यामागे गाड्या साचल्या असतील तर त्या जादा पदरात उजवीकडे राहून त्यांना जाऊ द्या. हॉर्न वाजवायचा नाही, तो इथे शिवीसारखा लागतो.

रस्त्याची कड बऱ्याच ठिकाणी खडीची आणि अरुंद आहे. चाक खडीत उतरलं तर दचकून स्टिअरिंग वळवू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग कमी होऊ द्या आणि मग अलगद वर या. झटका दिला की गाडी थेट समोरच्या पदरात जाते. ही चूक भारतात वर्षानुवर्षं चालवलेले लोकही करतात, कारण तिकडे असा वेग क्वचितच असतो.

दिवसाही हेडलाइट पूर्ण चालू ठेवा. नुसते दिवसाचे आपोआप लागणारे दिवे पुढेच लागतात, मागचे बऱ्याच गाड्यांत बंदच राहतात.

केनोराच्या अलीकडे १७ए नावाचा बायपास लागतो. तो घेऊ नका, गावातून जा. लेक ऑफ द वूड्स या सरोवरात चौदा हजारांवर बेटं आहेत आणि गाव त्याच्या काठावर आहे. नावही मजेशीर तयार झालं : कीवाटिन, नॉर्मन आणि रॅट पोर्टेज या तीन वस्त्यांची पहिली अक्षरं जोडून १९०५मध्ये केनोरा झालं. चार-पाचपर्यंत पोचा, काठावर बसा, लवकर झोपा. जुलै-ऑगस्टमध्ये खोली आधी ठरवून ठेवा, हा सुट्टीवाल्यांचा गाव आहे.

दुसरा दिवस : ज्यासाठी हे सगळं

सूर्य उगवून अर्धा तास झाला की निघा. मॅनिटोबाच्या सीमेपर्यंतचे ५० किलोमीटर गुलाबी ग्रॅनाइटमधून जातात. रस्त्यासाठी सुरुंग लावून फोडलेल्या भिंती दोन्ही बाजूंना उभ्या असतात. हा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. मॅनिटोबात शिरल्यावर लगेच वेस्ट हॉक लेक आहे, उल्का पडून झालेलं सरोवर. मॅनिटोबातलं हे सगळ्यात खोल सरोवर, ११५ मीटर. लोणार बघितलेल्या माणसाने इथे थांबायलाच हवं. लोणारचा खड्डा काठावरून आख्खा नजरेत येतो. इथे मात्र जंगलाने आणि पाण्याने सगळं झाकून टाकलंय. हा व्हाइटशेल पार्कचा भाग असल्याने थांबण्यासाठी वाहन परवाना लागतो का ते आधी ऑनलाइन पाहून घ्या.

फाल्कन लेक सोडलं की ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि बोलणं जरा कमी करा. आता पुढच्या तासाभरात चार गोष्टी एकामागून एक बदलतात.

आधी खडक बुडतो. दगडी भिंती बुटक्या होतात, मग रस्त्याच्या कडेला नुसती पाठ दिसते, मग तीही नाही. त्याच्या जागी दलदल येते : काटकुळे काळे स्प्रूस, मनगटाएवढ्या खोडाचे पण वयाने पन्नाशी ओलांडलेले, आणि त्यांच्यात टॅमरॅक.

मग, हॅडशव्हिलच्या पुढे, जमीन किंचित उंच आणि कोरडी होते. हा सँडिलँड्सचा वाळूचा पट्टा. हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू, आणि तिच्यावर जॅक पाइन. सुरक्षित जागा बघून हायवेच्या बाहेर पडा आणि खाली पडलेलं एक फळ उचला. बोटभर लांब, करड्या रंगाचं, शिंगासारखं वाकडं आणि दगडासारखं घट्ट मिटलेलं. नखाने उघडत नाही. राळेने त्याच्या पाकळ्या चिकटवलेल्या असतात आणि वणव्याची धग लागली की ती राळ वितळून बी बाहेर पडतं. आईने ते पदरात बांधून घेतलं, आणि घरी आल्यावर आम्ही ओव्हनमध्ये ठेवलं तेव्हा टिक-टिक करत उघडलं.

तिसरा बदल झाडांच्या उंचीत. सूचिपर्णी मागे पडतात, अ‍ॅस्पन आणि खुरटे ओक पुढे येतात. जंगल आता सलग राहत नाही, त्याला फटी पडतात. फटींतून गवत दिसतं, एखादी गाय दिसते. आणि मग रिचरच्या आसपास, विनिपेग साधारण ६० किलोमीटर राहिलेलं असताना, शेवटची झाडं मागे सरतात. समोर जमीन टेबलासारखी सपाट. "झाडं कुठं गेली गं?" आईने विचारलं होतं.

झाडं गेली याची कारणं दोन, आणि दोन्ही माहीत असली तर बघायला मजा येते. पहिलं कारण पाणी. हिमयुगाच्या शेवटी इथे अगासिझ नावाचं अतिप्रचंड सरोवर होतं, आजची पंचमहासरोवरं एकत्र केली तरी त्याहून मोठं. ते ओसरलं आणि तळाचा गाळ मागे राहिला. तुम्ही आता त्या सरोवराच्या तळावरून गाडी चालवत आहात. त्या चिकणमातीवर, कोरड्या हवेत, वारंवार लागणाऱ्या वणव्यांत आणि बायसनच्या (गव्यासारख्या रानटी जनावरांच्या) चरण्यात गवत टिकलं, झाडं मागे राहिली. दुसरं कारण माणूस. जिथे झाडी आणि गवत एकमेकांत मिसळलेले होते, तिथे शेतीसाठी ती झाडी तोडली गेली. म्हणून आज काठ इतका सरळ दिसतो.

चौपदरी रस्ता म्हणजे एक्स्प्रेसवे नव्हे

मॅनिटोबात हाच रस्ता हायवे १ होतो, तो बहुतांश चौपदरी आहे आणि वेगमर्यादा काही भागांत ११०. मोकळं दिसतं, पाय दाबला जातो, डोळेही जड होतात. पण इथे बाजूचे गावरस्ते हायवेला थेट छेदतात. पूल नाही, सिग्नल नाही. जून २०२३मध्ये विनिपेगच्या पश्चिमेला कारबेरीजवळ अशाच चौकात ज्येष्ठ नागरिकांची बस आणि ट्रकची धडक होऊन १७ जणांचा जीव गेला. चौक आला की वेग थोडा उतरवा आणि बाजूच्या रस्त्यावरची गाडी खरंच थांबली आहे का ते बघा. तुम्ही स्वतः हायवे ओलांडत असाल तर मधल्या दुभाजकात थांबून दुसऱ्या बाजूची वाहनं नीट बघून मगच पुढे जा. लांबून येणाऱ्या गाडीचा वेग सपाटीवर ओळखू येत नाही.

उघड्यावर वाराही आडवा लागतो. काळे ढग पश्चिमेकडून येताना अर्धा तास आधी दिसतात. गारांचा इशारा असेल तर पुढच्या गावात आडोशाला थांबा.

विनिपेगच्या अलीकडे कॅनडाच्या रेखांशाच्या मध्याची पाटी लागते, ९६ अंश ४८ मिनिटे ३५ सेकंद पश्चिम. फोटो काढा. पुढे शहराच्या तोंडाशी एक रुंद, बहुतेक वेळा कोरडा दिसणारा कालवा ओलांडाल. तो रेड नदीचा पूर वळवण्यासाठी १९६२ ते १९६८मध्ये खोदला, ४७ किलोमीटर लांब. १९५०च्या पुराने शहर बुडवल्यानंतर केलेलं हे काम. जमीन इतकी सपाट की पाण्याला जायला जागाच नाही. रेथच्या पाटीपाशी न दिसलेला उतार इथे येऊन असा समजतो.

आता खरी प्रेअरी बघा

ही गोष्ट मला उशिरा कळली, म्हणून कळकळीने सांगते. हायवेवरून जे दिसतं ते शेत आहे : कनोला, गहू, सोयाबीन. प्रेअरी म्हणजे मूळचं माळरान, आणि मॅनिटोबात उंच गवताच्या माळरानाचा एक टक्कासुद्धा शिल्लक नाही. आपल्याकडे सोलापूरकडच्या माळरानांना पडीक म्हणत आलो आणि माळढोक गेले, तशीच ही गोष्ट आहे.

वेळ कमी असेल तर विनिपेगमध्येच लिव्हिंग प्रेअरी म्युझियम आहे. नाव म्युझियम असलं तरी वस्तीच्या मधोमध वाचवलेला १२ हेक्टरांचा कधीही न नांगरलेला तुकडा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जा, फुलं भरात असतात.

एक दिवस हाती असेल तर हायवे ५९ने दक्षिणेला टॉलस्टॉय नावाच्या गावाकडे जा, तास-सव्वा तास. टॉलस्टॉय आणि गार्डनटनच्या मधल्या २०९ क्रमांकाच्या रस्त्यावर राखलेल्या माळरानात पायवाट आहे. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत इथे झालरीसारख्या पाकळ्यांचं पांढरं ऑर्किड फुलतं. ते अतिशय दुर्मीळ आहे आणि या भागात त्याच्या जगातल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. ऑगस्टमध्ये बिग ब्लूस्टेम नावाचं गवत डोक्याएवढं होतं. त्याच्या टोकाला तीन बोटांसारखा तुरा येतो. खाली दोन-तीन मीटरपर्यंत त्याची मुळं गेलेली असतात.

वाट सोडून चालू नका, काही तोडू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोज्यांत खोचलेली पँट घाला. मे-जूनमध्ये गवतात गोचिडी असतात. गाडीत बसण्याआधी एकमेकांच्या मानेवर, कानामागे, गुडघ्यांच्या मागे बघा, मुलांचे केसही विंचरून बघा. आणि परतताना ५९वर हरणं संध्याकाळी शेतांतून रस्त्यावर येतात, म्हणून ऊन असतानाच निघा.